उशीखाली ठेवलेले पत्र

मराठीच्या वर्गात ‘काव्यात्म’ हे विशेषण आपण फार सढळ हाताने वापरतो. कथेत चांदणे पडले, पारिजातक सांडला, नायिकेच्या डोळ्यांत सांज उतरली, की ती कथा काव्यात्म. पुढच्याच तासाला एखाद्या कथेत काही घडत नाही अशी तक्रार करायची झाली, तरी शब्द तोच. स्तुतीला आणि निंदेला सारखाच चालणारा शब्द बहुधा झिजून गेलेला असतो. विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत लिहितात, आपण त्याला अर्धा गुण देतो, आणि त्याचा अर्थ काय हे कोणीच कोणाला विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात एक हिंदी कथासंग्रह वाचला आणि या झिजलेल्या शब्दाकडे पुन्हा पाहावे लागले. त्या वाचनाविषयी लिहितो आहे. हे समीक्षण नव्हे. वाचनातल्या आनंदाची कारणे शोधण्याचा हा प्रयत्न आहे, आणि तो अपुरा राहणार हे गृहीत धरले आहे.

संग्रहाचे नाव ‘परिंदे’, लेखक निर्मल वर्मा. हिंदीच्या प्राध्यापकांना हे वाचून हसू येईल. ज्या लेखकाला १९८५ साली साहित्य अकादमी आणि १९९९ सालचे ज्ञानपीठ मिळाले, तो अपरिचित कसा? पण पुरस्कारांच्या यादीत नाव असणे वेगळे आणि वाचकाशी ओळख असणे वेगळे. मराठीचा अभ्यासक शेजारच्या भाषेत फारसा डोकावत नाही. डोकावलाच तर प्रेमचंदांपाशी थांबतो, किंवा मग थेट मुक्तिबोधांपाशी जातो, कारण ते आडनावाने आपले वाटतात. निर्मल वर्मा मला असेच वाटेत कुठेही भेटले नव्हते. पुस्तक मिळाले तेही योगायोगाने. किनवटला बदली होऊन आलेले उत्तरेकडचे एक बँक अधिकारी पुन्हा बदली झाल्यावर सामान आवरत होते. त्यांनी दोन पिशव्या पुस्तके मला दिली. त्यात स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके होती, एक रामचरितमानस होते, आणि मुखपृष्ठ गळून पडलेले हे सडपातळ पुस्तक होते. मलपृष्ठावरचा मजकूर नाही, प्रस्तावना नाही, लेखकाचे छायाचित्र नाही. कोणीही मध्ये उभे राहून ‘यात हे पाहा’ असे सांगत नव्हते. साहित्य शिकवण्याचा धंदा करणाऱ्याला असे निराधार वाचन क्वचितच लाभते. आपण बहुतेक पुस्तके त्यांच्यावरचे लेख आधी वाचून मगच उघडतो.

भाषेबद्दल थोडे सांगायला हवे. किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडकडे आले. त्यामुळे आमच्या गावाच्या कानाला मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी ढंगाची हिंदी एकाच आठवडी बाजारात ऐकू येते. ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’ ही आमची हिंदी. ती सागाच्या लाकडाचा भाव करते, रेल्वेच्या डब्यात जागा मागते, भांडते आणि लगेच समेटही करते. ती मोठ्या आवाजाची भाषा आहे. दुसरी हिंदी सिनेमाची. तिचा आवाज तर त्याहून मोठा. ‘परिंदे’ वाचताना पहिला धक्का बसला तो याचाच, की हिंदी इतक्या हलक्या आवाजात बोलू शकते. या कथांमधली माणसे वाक्य अर्धे सोडतात. एकजण काही विचारतो, दुसरा खिडकीबाहेर पाहतो, आणि उत्तर मिळाले असे दोघेही समजतात. शब्द सगळे ओळखीचे होते, शब्दकोश क्वचितच उघडावा लागला. तरी दर पानावर थांबावे लागत होते. दोन वाक्यांच्या मध्ये जे सोडून दिले होते ते ऐकू येण्यासाठी हा थांबा लागत होता.

संग्रहात सात कथा आहेत. सगळ्या सारख्या तोलाच्या नाहीत. ‘माया का मर्म’मधला बेकार तरुण आणि लहान मुलगी यांची मैत्री गोड आहे, पण थोडी हातात धरून दाखवल्यासारखी. ‘पिक्चर पोस्टकार्ड’ मला फारशी लागली नाही. ‘तीसरा गवाह’मध्ये नोंदणी पद्धतीच्या लग्नाला तिसरा साक्षीदार हवा असतो आणि तेवढ्या खोळंब्यात एका आयुष्याची दिशा बदलते. ही कल्पना कोणत्याही मराठी नवकथाकाराला सुचली असती, असे वाटून गेले. ‘सितंबर की एक शाम’चा सत्तावीस वर्षांचा बेकार नायक मात्र आमच्या गावात दर चौकात उभा असतो. तो पदवीधर असतो, घरी जाणे टाळतो, आणि मोकळा दिवस कसा संपवावा हे त्याला कळत नाही. निर्मल वर्मा त्याची कीव करत नाहीत, त्याच्या वतीने समाजाला जाबही विचारत नाहीत. ते फक्त त्याच्याबरोबर ती संध्याकाळ चालतात.

‘अँधेरे में’ या कथेपाशी मी बराच काळ रेंगाळलो. सिमल्यासारख्या डोंगरातल्या गावी एक लहान मुलगा तापाने अंथरुणाला खिळला आहे. बरा झाला की दिल्लीला जायचे, असे घरात चालले आहे. त्याच्या आईचे आणि ‘बीरेन चाचा’चे काही नाते आहे, किंवा होते, किंवा होऊ शकले असते. कथेत याचा उच्चार कुठेही नाही. उच्चार होणार तरी कसा? सांगणारा मुलगा आहे आणि त्याच्यापाशी या गोष्टीसाठी शब्दच नाहीत. त्याच्यापाशी आहेत ते शेजारच्या खोलीतले आवाज, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी, आईच्या हाताचा कपाळावरचा स्पर्श आणि तो हात एखाद्या दिवशी न येणे. मुलाला जेवढे कळते त्याहून वाचकाला जास्त कळते. आणि वाचकाला जे कळते त्याची खात्री करून घ्यायला लेखक कुठेही मदत करत नाही. वर्गात आपण याला ‘निवेदकाची मर्यादित दृष्टी’ म्हणून मोकळे होतो. पण वाचताना तंत्र जाणवत नाही. ताप असलेल्या मुलाला दुपारी जशी घरातली कुजबुज मोठी होऊन ऐकू येते, तसे काहीतरी होते. काव्यात्म या शब्दाचा अर्थ मला इथे पहिल्यांदा हाताला लागला. इथे चांदणे नाही, फुले नाहीत, उपमा आहेत पण त्या मिरवत नाहीत. कवितेत जसे एका ओळीनंतर कोरी जागा येते आणि अर्थाचा मोठा भाग त्या जागेत घडतो, तसे या गद्यात होते. म्हणजे काव्यात्मता शब्दांच्या नटण्यात नसून शब्दांनी नेमके कुठे गप्प बसायचे याच्या निवडीत असते.

इथे जी. ए. आठवणे अपरिहार्य होते. त्यांचा पहिला संग्रह ‘निळासावळा’ १९५९चा, आणि ‘परिंदे’ही त्याच सुमाराचा. पुढच्याच वर्षी ‘पारवा’, मग १९६२ साली ‘हिरवे रावे’. दोन भाषांतले दोन कथाकार एकाच काळात पाखरांची नावे आपल्या पुस्तकांना देत होते, यात काही गूढ शोधू नये. पण गंमत वाटते. दोघेही काव्यात्म म्हणून ओळखले जातात, आणि दोघांची काव्यात्मता परस्परविरुद्ध दिशेची आहे. जी.एं.चे वाक्य भरत जाते. प्रतिमेवर प्रतिमा चढते, माणूस हळूहळू नियतीच्या आकाराचा होतो, आणि शेवटी वाचक एखाद्या जड दरवाजासमोर उभा राहतो. निर्मल वर्मांचे वाक्य रिकामे होत जाते. त्यांच्या जगात नियती नाही, फक्त वेळ आहे, आणि ती जाता जात नाही. जी.एं.चा मी जुना भक्त आहे, तेव्हा या तुलनेत मला कोणाला वर-खाली करायचे नाही. एवढेच म्हणतो की आपण मराठीत काव्यात्म कथेचे माप जी.एं.वरून घेतले आणि त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या शांततेकडे आपले कान जरा कमी वळले. कवी असून कथा लिहिणारे आमच्या मराठवाड्यातही झाले. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ साली चाळिशीतच गेले. त्यांच्या कविता अजून म्हटल्या जातात, सभागृहांना आणि सोहळ्यांना त्यांचे नाव असते. ‘फकिराची कांबळी’ मात्र विद्यार्थ्याच्या हातात पाहिल्याचे मला आठवत नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

हिंदीत ‘परिंदे’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, हे नंतर कळले. नामवर सिंहांनी या संग्रहाला ‘नयी कहानी’ची पहिली कृती म्हटले. मोहन राकेश, कमलेश्वर, राजेंद्र यादव ही त्रयी त्या चळवळीची ध्वजधारक मानली जात असताना हे म्हणणे धाडसाचे होते. आक्षेपही झाले: हे लेखन परदेशी वळणाचे आहे, त्यातली माणसे भारतीय वाटत नाहीत. निर्मल वर्मा १९५९ साली प्रागला गेले, चेक लेखकांचे हिंदीत अनुवाद केले, बराच काळ युरोपात राहून १९७२च्या सुमारास परतले. तेव्हा त्यांच्या परकेपणाचा उगम तिकडे शोधण्याची सवय समीक्षकांना लागली. पण ‘परिंदे’तल्या कथा प्रागच्या आधीच्या आहेत. सिमल्यात जन्मलेल्या, ब्रिटिशांनी वसवलेल्या आणि मग सोडून दिलेल्या डोंगरी गावात वाढलेल्या माणसाचे हे एकटेपण आहे. ते त्याला आयात करावे लागले नाही.

शीर्षककथा शेवटची. डोंगरातली एक मुलींची कॉन्व्हेंट शाळा, हिवाळ्याच्या सुटीच्या आधीची रात्र आणि नंतरचा दिवस. वसतिगृहाची वॉर्डन लतिका, संगीतशिक्षक ह्यूबर्ट, आणि युद्धकाळात ब्रह्मदेशातून येऊन इथेच राहिलेले डॉक्टर मुखर्जी. तिघांनाही सुटीत जायला ठिकाण नाही. लतिकाचे ज्याच्यावर प्रेम होते तो सैन्यातला अधिकारी आता हयात नाही. ह्यूबर्टने तिला कधीतरी एक पत्र लिहिले होते, आणि ते लिहिल्याबद्दल तो आता संकोचाने मरतो आहे. तो पियानोवर शोपँ वाजवतो. ते वाचताना संगीत ऐकू येते असे म्हणणे नुसता शिष्टाचार होईल. मला शोपँ तेव्हा ऐकूनही माहीत नव्हता. मला ऐकू आली ती सूर थांबल्यानंतरची स्तब्धता. मग वरून पक्ष्यांचा एक थवा जातो. थंडीच्या आधी उंच डोंगरातून मैदानाकडे उतरणारे हे पक्षी, वाटेत काही दिवस विसावणारे. ते पाहून लतिकाच्या मनात आपल्या तिघांविषयी जो प्रश्न येतो तो इतका साधा आहे की तो इथे उद्धृत केला तर बावळट वाटेल. कथेत तो तसा वाटत नाही, कारण तोवर पाऊणशे टक्के कथा त्या प्रश्नाला जागा करून देण्यातच गेलेली असते.

कथेच्या सुरुवातीला जूली नावाच्या विद्यार्थिनीच्या नावे एक निळा लिफाफा येतो. त्यावर लष्करी छावणीचा शिक्का असतो. वॉर्डन म्हणून लतिका तो अडवते, मुलीला विचारते, दरडावते. शेवटी रात्री ती झोपलेल्या जूलीच्या उशीखाली तो लिफाफा हळूच ठेवते. कथा संपते. तिने हे का केले, यावर एक शब्द नाही.

ही कथा मी माझ्या थोरल्या बहिणीला वाचून दाखवली. अक्का किनवटच्या परिसरातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होती, निवृत्तीपर्यंत. लग्न केले नाही. का केले नाही हे आमच्या घरात कोणी बोलले नाही आणि मीही कधी विचारले नाही. दिवाळीच्या सुटीला गुड्यांतून, कोलामांच्या पोडांतून, तांड्यांवरून आईबाप यायचे आणि पोरींना घेऊन जायचे. गोंडांच्या पोरींना दंडारीसाठी घरी पोचायची घाई असायची. दोन दिवसांत वसतिगृह रिकामे व्हायचे. अक्का भाऊबिजेला यायची, ओवाळायची, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. ‘राहा की चार दिवस,’ आई म्हणायची. ‘किल्ल्या माझ्याकडं हायत,’ हे तिचे उत्तर. रिकाम्या इमारतीच्या किल्ल्या.

मी हिंदी वाक्य वाचून लगेच मराठीत सांगत होतो. दोन संध्याकाळी लागल्या, मधे एकदा वीज गेली. अक्का डोळे मिटून ऐकत होती. झोपली असावी असे वाटून मी थांबलो, की म्हणायची, ‘वाच.’ शोपँपाशी मी थोडे समजावून सांगू लागलो तर तिने हातानेच गप्प केले. डॉक्टर तिला आवडला. ह्यूबर्टबद्दल ‘भला माणूस, पण त्याला कोणीतरी घरी पोचवायला पाहिजे’ एवढेच म्हणाली. लतिका सुटीत कुठे जाणार हे विचारल्यावर उत्तर टाळते, तिथे ती म्हणाली, ‘सुट्टीत वसतिगृह लई मोठं वाटतं रे. एरवी पुरत नाही.’

शेवट वाचला. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘आम्हीबी पत्रं उघडून बघायचो. बघावीच लागायची.’

मी म्हटले, ‘आणि द्यायचीस?’

‘सगळी नाही.’

थोड्या वेळाने तिने विचारले, ‘तिनं ते वाचलं होतं का, उशीखाली ठेवायच्या आधी?’

मी पान उलटून पाहिले. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला, मग लिफाफा पहिल्यांदा येतो तिथपासूनची पाने चाळली. साहित्याच्या वर्गात इतकी वर्षे उभा राहूनही हा प्रश्न मी कथेला विचारला नव्हता. लतिकाने पत्र का दिले याच्या चार उपपत्ती मात्र माझ्याकडे तयार होत्या: भूतकाळातून सुटका, मातृभाव, क्षमा, प्रायश्चित्त. अक्काला त्यातले काही नको होते. एका वॉर्डनने दुसऱ्या वॉर्डनविषयी विचारलेला तो कामकाजाचा प्रश्न होता, आणि कथेच्या मर्माच्या तो माझ्या चारही उपपत्तींपेक्षा जवळ होता. लतिका त्या पत्रात स्वतःला आलेली जुनी पत्रे वाचते आहे की नाही, हे सारे त्यावरच तर अवलंबून आहे. मी तिला म्हणालो, ‘यात स्पष्ट लिहिलं नाही.’ ती म्हणाली, ‘मग बरोबर लिहिलंय.’

या संग्रहाच्या मर्यादा मला दिसत नाहीत असे नाही. निर्मल वर्मांच्या जगात पैशाची चणचण असते, पण भाकरीचा प्रश्न क्वचित असतो. नोकरचाकर दारात येतात, बर्फ कधी पडेल ते सांगतात आणि जातात; त्यांच्या घरी सुटीत काय चालले असेल हे कथेला सुचत नाही. आश्रमशाळेतल्या मुलींपुढे ‘परिंदे’ ठेवली तर त्यांना चॅपेल, पियानो, मेणबत्त्या हे सारे सिनेमातले वाटेल. शिवाय उदासीची एक सवय असते. सात कथा सलग वाचल्या तर ती अंगवळणी पडते आणि पाचव्या-सहाव्या कथेला लेखक धुके पाडणार हे आधीच कळते. पण दलित आणि ग्रामीण कथेवर पोसलेल्या आमच्या पिढीने अशा लेखनाला ‘अभिजनांचे एकटेपण’ म्हणून बाजूला सारावे, हेही मला पटत नाही. किल्ल्या सांभाळत रिकाम्या वसतिगृहात दिवाळी काढणारी माझी बहीण कोणत्या अभिजनांत मोडते? एकटेपणावर कोणत्याही वर्गाचा सातबारा नाही. ते लिहिण्यासाठी लागणारी फुरसत मात्र काहींनाच मिळाली, हे खरे. त्याचा राग कथेवर काढून उपयोग नाही.

विद्यार्थ्यांना ही कथा द्यावी का? मी दिली. पदव्युत्तर वर्गातल्या सहाजणांना ‘परिंदे’च्या छायाप्रती वाटल्या, अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही, असे आधीच सांगितले. दोघांनी वाचली नाही. एकाने ‘सर, यात होतं काय?’ असे विचारले, आणि प्रश्न रास्त होता. एका मुलीने चार दिवसांनी येऊन सांगितले की तिने शेवटची दोन पाने आपल्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवली. का, ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

आता ‘जलती झाड़ी’ मिळवली आहे, १९६५चा संग्रह. त्यात ‘माया दर्पण’ आहे, जिच्यावर कुमार शहानींनी १९७२ साली चित्रपट केला. इथे डोंगर नाही, धुके नाही, पियानो नाही. उजाड, धुळीचे गाव आहे. जुन्या दिवाणांचे घर, म्हातारे होत चाललेले हेकट वडील, एक आत्या, आणि लग्नाचे वय निघून चाललेली मुलगी तरन. भाऊ दूर आसामात, तिला तिकडे बोलावतो आहे. ती जाईल असे वाटत राहते. मी ही कथा भर मे महिन्यात वाचली, आमच्याकडे जेव्हा दुपारी सागाची पाने गळून रान खराट्यासारखे होते आणि रस्त्यावरची धूळ उंबऱ्याच्या आत येऊन बसते. आधीच्या परिच्छेदातला माझा धुक्याचा आक्षेप तिथल्या तिथे ढिला पडला. अक्का अधूनमधून विचारते, त्या माणसाचे आणखी काही आहे का. आहे, म्हणून सांगितले आहे. ‘माया दर्पण’ तिला वाचून दाखवायची की नाही, ते अजून ठरवलेले नाही.